आधी गच्चीला चुना, मग अभ्यासिकेला पंखे: समाजमंदिरातली वीज वाचवणाऱ्या वस्तूंचा आढावा

समाजमंदिर, वाचनालय, ग्रामपंचायतीचं सभागृह, सोसायटीचा हॉल. अशा इमारतीच्या समितीकडे हल्ली महिन्याला एक तरी विक्रेता येऊन जातो. कुणाकडे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) पंखे असतात, कुणाकडे गच्चीचा पांढरा रंग, कुणाकडे सोलरचं कोटेशन. कागदावर ठळक अक्षरात ‘चाळीस टक्के बचत’ आणि खाली बारीक अक्षरात ‘रोज बारा तास वापर धरून’. लग्नाचा हॉल रोज बारा तास कुठे चालतो? वर्षाला चाळीस-पन्नास दिवस चालतो, बाकी दिवस कुलूप. सगळी गोम त्या बारीक अक्षरात आहे. म्हणून इथे प्रत्येक वस्तू नुसत्या वॅटवर न तोलता, ती ज्या खोलीत लागणार त्या खोलीच्या तासांवर तोलली आहे.

हिशेबासाठी एक नमुना इमारत धरू, आपल्याकडे गावोगाव दिसते तशी. तळमजल्यावर ४० बाय ६० फुटांचं सभागृह, त्यात २४ पंखे. वर २० बाय ३० फुटांची अभ्यासिका, त्यात ८ पंखे. शेजारी कार्यालय आणि व्यायामशाळा. त्यावर २,४०० चौरस फुटांची ब्रिकबॅट कोब्याची (विटांच्या तुकड्यांवर सिमेंटचा थर दिलेली) गच्ची. विजेचा दर युनिटला १० रुपये धरलाय, कारण वेगवेगळ्या दर-प्रकारांत तो वेगळा असतो. तुमचा आकडा बिलावर पाहून घाला. कार्बनचा हिशेब केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सरासरीवर आहे: ग्रिडमधून घेतलेल्या एका युनिटमागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड.

बीएलडीसी पंखे

वस्तू म्हणून पंखा चांगला आहे, यात वाद नाही. साधा १,२०० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॅट खातो. बीएलडीसी २८ ते ३५ वॅटमध्ये तेवढंच काम करतो. अॅटमबर्ग कंपनीने हा प्रकार घराघरांत नेला, आता सगळ्याच मोठ्या कंपन्या बनवतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं) स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यांवर विसंबायची गरज उरलेली नाही. लेबलवर दोन गोष्टी पाहा. एक, सर्व्हिस व्हॅल्यू, म्हणजे एका वॅटमागे मिनिटाला किती घनमीटर हवा फेकली जाते. २०२३ च्या तक्त्यानुसार १,२०० मिलिमीटरच्या पंख्याला पाच तारे मिळायला ती ६ किंवा जास्त लागते. दोन, एकूण हवा. ती २१० घनमीटरच्या खाली असेल तर पंखा घेऊच नका. काही स्वस्त पंखे वॅट कमी दाखवतात ते हवाच कमी फेकून. मग लोक दोन पंख्यांच्या जागी तीन लावतात आणि बचत गेली पाण्यात.

आता तास. अभ्यासिका सकाळी सातला उघडते, रात्री नऊला बंद होते. १४ तास, वर्षातले ३०० दिवस, म्हणजे ४,२०० तास. पंख्यामागे ४५ वॅट वाचले तर वर्षाला १८९ युनिट, आठ पंख्यांचे १,५१२. रुपयांत पंधरा हजार, कार्बनमध्ये जवळपास १,०९० किलो. आठ पंखे तीन हजारांच्या भावाने २४ हजारांना पडले तर दीड-पावणेदोन वर्षांत पैसे वसूल. सभागृह मात्र ४० कार्यक्रम गुणिले ८ तास, म्हणजे ३२० तास. तिथे एक पंखा वर्षाला १४.४ युनिट वाचवतो. चोवीस मिळून ३४६. खर्च ७२ हजार, बचत साडेतीन हजारांच्या आत. वीस वर्षं. तोपर्यंत पंख्याचा सर्किट बोर्ड एकदा तरी बदललेला असेल. वरचे आठ पंखे खालच्या चोवीस पंख्यांच्या चौपटीहून जास्त वाचवतात, आणि तरी देणगीदाराचं नाव लिहायला सोयीचे म्हणून पंखे आधी सभागृहातच लागतात.

(हा हिशेब पूर्ण वेगाचा. थंडीत पंखा दोनवर फिरतो तेव्हा फरक कमी होतो. जुना पेटीसारखा, हात लावला की गरम लागणारा रेग्युलेटर असेल तर उलट: तो वाचलेली वीज स्वतःच उष्णता करून उडवतो.)

सभागृहासाठी याहून कितीतरी स्वस्त उपाय आहे. २४ पंखे बहुतेक ठिकाणी दोनच स्विचवर असतात, त्यामुळे पन्नास माणसांची मासिक सभा असली तरी बारा पंखे फिरतात, आणि त्यातले आठ रिकाम्या खुर्च्यांवर. वायरमनकडून चार-चार किंवा सहा-सहा पंख्यांचे गट पाडून घ्या, स्विचखाली रंगाने आकडे लिहा, तेच आकडे छतावर पंख्याशेजारी लिहा. जुने पंखे तसेच राहू द्या. जळेल तो बदलताना बीएलडीसी घाला.

बसवताना जे चुकतं ते सांगायला हवं. बीएलडीसी पंख्याच्या आधी जुना रेग्युलेटर ठेवायचा नाही. पंख्याचा वेग त्याच्या आतला बोर्ड ठरवतो. बाहेरून व्होल्टेज कापलं की तो गुरगुरतो, अडखळतो आणि काही महिन्यांत बोर्ड जातो. रेग्युलेटर काढून वायर थेट जोडा आणि त्या भोकावर कोरी प्लेट लावा, नाहीतर पुढचा वायरमन ‘इथे रेग्युलेटर राहिलाय’ म्हणून परत बसवतो. दुसरी अडचण रिमोटची. एका खोलीत एकाच मॉडेलचे आठ पंखे असले की एका रिमोटला दोन-तीन पंखे एकदम दाद देतात. खिडकीपाशी बसलेल्याने वेग कमी केला की मधल्याचाही कमी होतो. शिवाय सार्वजनिक जागेत रिमोट पंधरा दिवस टिकत नाही. अभ्यासिकेसाठी भिंतीवरच्या नियंत्रकावर चालणारं मॉडेल मागा. ते नसेल तर निदान स्विच बंद-चालू केल्यावर आधीचाच वेग लक्षात ठेवणारं मॉडेल घ्या. हे दुकानातच स्विच दाबून पाहता येतं.

ग्रामीण भागात तिसरा धोका न्यूट्रल तुटण्याचा. खांबावरचा न्यूट्रल सुटला की एका फेजवर तीनशेच्या वर व्होल्ट येतात. साधा पंखा नुसता जोरात फिरतो, बीएलडीसीचा बोर्ड जातो. मुख्य बोर्डावर जादा-कमी व्होल्टेजला तोडणारं संरक्षण आणि सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचा अचानक झटका जिरवणारं उपकरण) लावा. पंख्यांच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे. आणि वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा बोर्ड तालुक्याच्या गावी मिळतो का, ते आधी विचारा.

लांब दांड्याचंही पाहा. सभागृहाचं छत १५-१६ फुटांवर असतं आणि पंखा सोबत आलेल्या फूटभर दांड्यावर टांगला जातो. हवा वरच्या वरच घुसळते. पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर यायला हवीत. त्यासाठी लांब दांडा वेगळा मागवा. नवा पंखा घ्यायच्या आधी फक्त दांडे बदलून पाहा, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यानेच भागतं.

गच्चीचा पांढरा रंग

आपल्याकडच्या सार्वजनिक इमारतींसाठी सगळ्यांत जास्त फायद्याचा आणि सगळ्यांत वाईट रीतीने केला जाणारा उपाय हाच. शेवाळाने काळवंडलेली कोब्याची गच्ची ऊन पिते. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात तिचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जातो. स्लॅब आणि कोबा मिळून जाडी एवढी की ती उष्णता खाली पोचायला सहा-आठ तास घेते. म्हणून दुपारी तीनला खोली बरी वाटते आणि संध्याकाळी सातला, बाहेर वारा सुटलेला असताना, आत छताला तळहात लावला तर तव्याची आठवण येते. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो.

पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. उघडं काँक्रीट सूर्यकिरणांचा तिसरा हिस्साही धड परत पाठवत नाही. चांगला ताजा पांढरा थर ऐंशी टक्क्यांपर्यंत पाठवतो. वरच्या मजल्याच्या खोलीत सहसा दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. विक्रेता दहा अंश सांगत असेल तर तो गच्चीच्या पृष्ठभागाचं तापमान खोलीचं म्हणून खपवतोय. हा उपाय नवा नाही. अहमदाबादने उष्णतेच्या लाटेच्या आराखड्यात तो घेतला, तेलंगणाने २०२३ मध्ये त्यावर स्वतंत्र धोरणच आणलं.

पर्याय तीन आहेत.

चुना सगळ्यांत स्वस्त. २,४०० चौरस फुटांना दोन हातांसाठी हायड्रेटेड चुन्याची २५ किलोची साधारण चार पोती लागतात, पोत्यामागे चिकटपणासाठी किलो-दीड किलो फेविकॉल. चुना रात्रभर भिजवून, गाळून, दुधाइतका पातळ करून केरसुणीने किंवा रुंद ब्रशने मारायचा, पहिला हात उत्तर-दक्षिण, दुसरा पूर्व-पश्चिम. उन्हं उतरल्यावर मारा. भर दुपारी तापलेल्या कोब्यावर तो वाळून पावडर होतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, हे सक्तीने; कळीचा चुना साइटवर विझवत बसू नका, भाजतं. एक उन्हाळा काम करतो, पावसात धुऊन जातो. गच्चीचं पाणी टाकीत किंवा बोअरला सोडत असाल तर पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर काढायची सोय ठेवा. पैसे नसलेल्या ग्रामपंचायतीने दर मार्चमध्ये चुना मारावा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा: चुन्यावर पुढे अॅक्रिलिक रंग बसत नाही. तो मारायचा ठरला तर चुना तारेच्या ब्रशने घासून, पाण्याच्या जोराने पूर्ण काढावा लागतो. अर्धवट काढला की वर्षभरात रंग पापुद्र्यासारखा सोलून हातात येतो, आणि दोष रंगाच्या कंपनीला जातो.

दुसरा पर्याय लवचिक अॅक्रिलिक थर, ज्याला बाजारात कूल रूफ पेंट म्हणतात. डब्यावर एसआरआय हा आकडा शोधा; थर ऊन किती परत फेकतो आणि उष्णता किती सोडतो ते तो सांगतो. ताज्या थराचा तो १०० च्या आसपास हवा. गच्चीच्या गळतीसाठी मिळणारे राखाडी आणि विटकरी थर कूल रूफ नव्हेत. गळती थांबवतील, उष्णता नाही. इथे खरी लबाडी होते ती जाडीत. दोन हात मिळून लिटरला २५ ते ३० चौरस फूट हा प्रामाणिक हिशेब, म्हणजे आपल्या गच्चीला ८० ते ९६ लिटर, २० लिटरचे पाच डबे. ठेकेदार तीन डब्यांत आणि भरपूर पाण्यात काम उरकतो. त्या दिवशी दोन्ही गच्च्या सारख्याच पांढऱ्या दिसतात, फरक दुसऱ्या पावसाळ्यात कळतो. उपाय सोपा: डबे समितीने स्वतः विकत घ्यायचे, मजुरी वेगळी द्यायची, काम संपल्यावर रिकामे डबे मोजून घ्यायचे.

रंग मारायच्या आधी कोब्यात ओल आहे का ते पाहणं सगळ्यांत महत्त्वाचं. मीटरभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर बंद करा आणि एक दिवस तसाच राहू द्या. खालून थेंब जमले तर कोबा पाणी धरून आहे. त्यावर रंग मारला की आत अडकलेली वाफ उन्हात रंगाला फुगे आणते. ब्रिकबॅट कोबा पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने ओला राहतो, म्हणून काम फेब्रुवारी ते मे या दरम्यानच करा. दिवाळीआधी ‘निधी संपवायचाय’ म्हणून केलेलं काम हमखास फसतं. आधी शेवाळ खरवडा, भेगा भरा, पाइपाच्या तोंडापाशी आणि कठड्याच्या कोपऱ्यांत जाळी घालून थर द्या, पाणी साचतं तिथे उतार दुरुस्त करा. साचलेल्या पाण्याखाली कोणताही अॅक्रिलिक थर टिकत नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

मग निगा. धूळ आणि कबुतरांची घाण बसून दोन वर्षांत पांढरेपणाचा चांगला हिस्सा जातो. वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, साबणाचं पाणी आणि झाडूने धुतलं की बराचसा परत येतो. आणि गच्चीवर मंडप घालू द्यायचा नाही. मंडपवाल्याचे लोखंडी खांब, केटररची शेगडी आणि आचाऱ्यांनी ओढत नेलेली पिंपं यांनी जेवढे थर फाटलेत तेवढे उन्हाने फाटलेले नाहीत.

तिसरा पर्याय आपल्या जुन्या गवंड्यांचा, चायना मोझॅक. पांढऱ्या तुकड्यांची फरशी महाग पडते, पण पंधरा-वीस वर्षं टिकते, चालायला चालते, धुतली की पुन्हा पांढरी. कोबा नव्याने करायचाच असेल तर रंगाच्या नादी न लागता हेच करा. तुकडे पांढरेच हवेत. नक्षीच्या हौसेने निळे-तपकिरी घातले की अर्धा फायदा गेला.

पत्र्याच्या सभामंडपाची गोष्ट जरा वेगळी. नवा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परत फेकतो, पण तापल्यावर उष्णता बाहेर सोडत नाही, म्हणून चकचकीत असूनही भाजतो. पांढरा रंग दिला की दोन्ही कामं होतात. आधी गंज घासून प्राइमर, स्क्रूच्या वायसरी बदलून मगच रंग. पत्र्याचं तापमान हातातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजत असाल तर चमकत्या धातूवर तो खोटा, कमी आकडा दाखवतो. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजा.

पत्र्याखाली थर्माकोलचं छत बसवून देणारेही भेटतात. शंभर-दोनशे माणसं जमतात अशा जागी, जिथे समई, हवनकुंड आणि डेकोरेशनच्या वायरी एकत्र येतात, तिथे डोक्यावर थर्माकोल नको. याबाबत तडजोड नाही.

बिगरएसी इमारतीत रंगामुळे विजेचं बिल फारसं उतरत नाही, हे विक्रेता सांगत नाही म्हणून इथे सांगतो. पंखे थोडे हळू फिरतात, एवढंच. फायदा दुसरीकडे आहे. वरची अभ्यासिका मे महिन्यात बसवेनाशी झाली की मुलं एसी मागतात आणि कुणीतरी दोन दीड टनी एसी देणगी देतं. सरासरी एकेक किलोवॅट धरा, रोज ८ तास, उन्हाळ्याचे १०० दिवस: १,६०० युनिट. आठ बीएलडीसी पंख्यांनी वर्षभर वाचवलेले १,५१२ युनिट त्या दोन एसींनी तीन महिन्यांत गिळले. गच्ची आधी पांढरी केली असती तर कदाचित ते आलेच नसते.

दिवे आणि सेन्सर

यावर फार लिहिण्यासारखं नाही, बहुतेकांनी हे केलेलंच आहे. जुनी चार फुटी नळी चोकसकट ५० वॅट खाते, एलईडी पट्टी २० वॅट. वॅट पाहून घेऊ नका, ल्यूमेन पाहा: २० वॅटला निदान २,००० हवेत. अभ्यासिकेत टेबलावर ३०० लक्स उजेड पाहिजे; ६०० चौरस फुटांना, भिंती पांढऱ्या असतील तर, अशा १८ पट्ट्या लागतात. ‘एलईडी फार उजेड देते’ म्हणून दहाच लावल्या की मुलं घरून टेबललॅम्प आणतात आणि प्रत्येक टेबलापाशी एक्स्टेन्शनचं जाळं होतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यात पट्ट्यांवर काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर, म्हणजे पट्टीतलं वीज पुरवणारं सर्किट, हलका आहे. तासन्‌तास वाचणाऱ्याचं डोकं दुखतं.

जुन्याच पट्टीत एलईडी नळी बसवायचा मोह टाळा. चोक-स्टार्टर काढून वायरिंग बदलावं लागतं, आणि काही नळ्यांना वीज एका टोकाला लागते, काहींना दोन्ही टोकांना. तीन वर्षांनी बदलणाऱ्याला हे माहीत नसतं. नवी पट्टीच घ्या.

एक त्रास मात्र समित्यांना कोड्यात टाकतो. चाळीस पट्ट्या आणि पंखे नवे लावले आणि महिन्यातून चार वेळा मेन ट्रिप होऊ लागला. वीज खूप खाते म्हणून नव्हे. प्रत्येक ड्रायव्हरमधून किंचित गळती अर्थिंगला जाते. सगळे एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचवर) असले की त्या गळत्यांची बेरीज होते आणि पावसाळी हवेत ती मर्यादा ओलांडते. मजल्यागणिक वेगळा आरसीसीबी लावा. तसंच एका स्विचवर वीस पट्ट्या एकदम पेटवल्या की पहिल्या क्षणाचा धक्का मोठा असतो. बी प्रकारचा एमसीबी (जादा प्रवाह आला की पडणारा स्विच) पडतो, सी प्रकारचा टिकतो.

हालचाल ओळखणारे सेन्सर जिन्यात आणि स्वच्छतागृहात उत्तम. अभ्यासिकेत लावू नका. अभ्यास करणारा माणूस हलत नाही. दर दहा मिनिटांनी अंधार होतो, कुणीतरी हात हलवतं, आणि आठवड्याभरात सेन्सरवर कागद चिकटवलेला दिसतो.

आणि रात्री अकराला, सगळं बंद असताना, मीटरपाशी जाऊन दिवा लुकलुकतोय का पाहा. बहुधा पिण्याच्या पाण्याचा कूलर सापडतो. कुलूपबंद सभागृहात तो बारा महिने पाणी थंड करत उभा असतो. १६ अँपिअरचा टायमर हजारभर रुपयांत येतो. या आढाव्यातली सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त देणारी वस्तू तीच, आणि कुणीही विक्रेता ती घेऊन दारात येत नाही.

एसी असेलच तर

जुन्या एसीत आर-२२ वायू असतो. त्याचा एक किलो हवेत सोडला तर परिणाम सुमारे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. म्हणजे अडीच हजार युनिट विजेएवढा. आठ पंख्यांची दीड वर्षाहून जास्त बचत. तरीही ‘गॅस कमी झालाय’ म्हटलं की मेकॅनिक उरलेला वायू खिडकीतून सोडून देतो, नवा भरतो, आणि गळतीचं भोक तसंच राहतं. पुढच्या मार्चला तोच खेळ. देखभालीच्या करारात दोन ओळी घाला: नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधल्याशिवाय वायू भरायचा नाही, आणि काढलेला वायू सिलिंडरमध्येच घ्यायचा. रिकव्हरी मशिन नसलेला मेकॅनिक नको. जो माणूस ‘आजकाल कोण करतं हे’ म्हणतो, त्याला नमस्कार.

नवा घ्यायचाच तर आर-३२ चा परिणाम ६७५ पट, जुन्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, केवळ तीन पटींच्या आसपास. गोदरेजने २०१२ मध्ये शिरवळच्या कारखान्यातून असे एसी काढले. तो ज्वलनशील आहे, त्यामुळे बसवणारा प्रशिक्षित हवा आणि खोली फार लहान नको. स्टार कितीही असोत, तापमान २६ वर ठेवून सोबत पंखा चालवा. २० वर ठेवून शाली देणाऱ्या हॉलांना पाच तारे वाचवू शकत नाहीत.

सोलर

सोलर शेवटी, आणि मुद्दाम शेवटी. महाराष्ट्रात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, १०० चौरस फूट जागा घेतं. आधी भार उतरवला तर दहाच्या जागी सहा किलोवॅटमध्ये भागतं. गच्चीचं काम सोलरच्या आधीच उरका. सांगाड्याचे पाय एकदा कोब्यावर बसले की पॅनेलखाली ना ब्रश जातो ना गवंडी. पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवा, कोब्यात भोक पाडून बोल्ट मारणाऱ्याला हाकला.

गृहनिर्माण सोसायटीला सामाईक वापरासाठी पीएम सूर्यघर योजनेतून किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. ही योजना निवासी ग्राहकांची आहे. ट्रस्टच्या हॉलला ‘सबसिडी मिळवून देतो’ म्हणणाऱ्याकडून ते आधी लिहून घ्या. लग्नं संध्याकाळी आणि ऊन दुपारी, त्यामुळे नुसत्या सभागृहाला सोलरचा उपयोग नेट मीटरिंगच्या (दुपारी ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होण्याच्या) कागदापुरता. अभ्यासिका दिवसभर चालते. सोलरचं माप तिच्या वापरावरून काढा.

काम झाल्यावर

सहा महिन्यांची बिलं पाहून मंजूर भार कमी करून घ्यायचा अर्ज द्या. २० किलोवॅटच्या वरची बिगरघरगुती जोडणी असेल तर मागणी-आकार केव्हीएवर लागतो, आणि पंखे-दिवे बदलल्यावरही जुन्याच भाराचे पैसे भरत राहणारी मंडळं कमी नाहीत. फक्त बीएलडीसी पंखे आणि पट्ट्यांचा पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर; तो कमी असला की तेवढ्याच वॅटला केव्हीए जास्त लागतो) ०.९ च्या वर आहे हे पाहिलेलं असावं. स्वस्त ड्रायव्हर ०.५ चे असतात आणि वॅटमध्ये वाचवलेलं केव्हीएमध्ये घालवतात.

काढलेले पंखे कुठे गेले याची नोंद ठेवा. ते चांगले चालताहेत म्हणून शेजारच्या व्यायामशाळेत आणि मंडळाच्या शेडमध्ये लावले, तर इमारतीत पंख्यांची संख्या वाढली, वीज कमी झाली नाही. जुने वाइंडिंग तांब्याचं असतं, भंगारात बरा भाव येतो, विकून टाका. जुन्या नळ्यांत पारा असतो, त्या फोडून कचराकुंडीत टाकायच्या नाहीत. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत त्या येतात. ज्या खोक्यांतून नव्या पट्ट्या आल्या त्याच खोक्यांत जुन्या नळ्या अखंड भरून ठेवा आणि अधिकृत ई-कचरा संकलकाला पावतीसह द्या. नळ्या नेणाऱ्याचा वाहतूक खर्च कोटेशनमध्ये आधीच लिहून घेतलेला बरा, नाहीतर ती खोकी स्टेजखाली दहा वर्षं पडून राहतात.